संशोधन आपल्यावर, कुलूप मात्र दुसऱ्याचे : भारतातील ओपन ॲक्सेसची वाटचाल

वस्त्यांमध्ये दरवर्षी कुणी ना कुणी संशोधक येतो. सफाई कामगारांच्या आजारपणावर, शाळा सुटलेल्या मुलींवर, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांवर, अत्याचाराच्या खटल्यांवर माहिती गोळा होते. प्रश्नावली भरून घेतली जाते, माणसे दोन-दोन तास बसून बोलतात, चहा होतो, फोटो निघतात. दीड-दोन वर्षांनी त्या माहितीवर लेख तयार होतो आणि एखाद्या नामांकित इंग्रजी जर्नलमध्ये छापून येतो. ज्यांनी माहिती दिली त्यांना तो लेख वाचायचा असेल तर काय? संकेतस्थळावर लेखाचे नाव दिसते, आठ-दहा ओळींचा सारांश दिसतो आणि त्याखाली किंमत दिसते. एका लेखाला साधारण ३० ते ४० डॉलर, म्हणजे अडीच ते साडेतीन हजार रुपये. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये मजुरी ठरलेली होती. तेव्हा आठ-दहा दिवसांची मजुरी घातली की एक लेख वाचायला मिळणार.

आम्हा समाजकार्यात असणाऱ्यांना ही अडचण रोजची आहे. निवेदन तयार करताना, एखाद्या प्रकरणात वकिलांना माहिती पुरवताना, अधिकाऱ्यांपुढे बसताना ठोस आकडे लागतात. ते आकडे कुणीतरी काढून ठेवलेले असतात, पुष्कळदा आपल्याच जिल्ह्यातून आणि सरकारी अनुदानातून काढलेले असतात. हाताशी मात्र नसतात. म्हणून प्राध्यापक आणि ग्रंथपालांचा समजला जाणारा हा विषय आपल्या वाचकांपुढे जरा सविस्तर मांडत आहोत.

हा व्यवहार चालतो कसा

ओपन ॲक्सेस म्हणजे संशोधनाचा लेख इंटरनेटवर कुणालाही, पैसे न भरता, वाचता येणे, उतरवून घेता येणे आणि लेखकाचे नाव देऊन वापरता येणे. कल्पना साधी आहे. ती इतकी अवघड का झाली हे समजण्यासाठी जर्नलचा व्यवहार समजून घ्यावा लागतो.

संशोधकाला पगार किंवा फेलोशिप मिळते ती बहुतेक वेळा जनतेच्या पैशातून. तो लेख लिहितो, त्याचे मानधन त्याला मिळत नाही. जर्नल तो लेख दुसऱ्या दोन-तीन प्राध्यापकांकडे तपासायला पाठवते. तेही हे काम फुकट करतात, कारण विद्येच्या क्षेत्रातली ती रीत आहे. लेख स्वीकारला गेला की लेखक एका कागदावर सही करतो आणि कॉपीराइट कंपनीकडे जातो. मग तेच जर्नल त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयाला वर्गणी लावून विकले जाते. पिकवणारा आपण, पाखडणारा आपण, आणि बाजारातून विकत आणणाराही आपणच. एल्सव्हियर, स्प्रिंगर नेचर, वायली, टेलर अँड फ्रान्सिस, सेज अशा मोजक्या कंपन्यांच्या हातात जगातल्या जर्नलांचा मोठा हिस्सा आहे.

कागद आणि टपालाचा खर्च होता तोवर या वर्गणीला काही आधार होता. इंटरनेट आले आणि प्रत काढण्याचा खर्च जवळजवळ नाहीसा झाला, तरी वर्गण्या वाढतच गेल्या. त्यावर २००२ मध्ये बुडापेस्ट येथून एक जाहीरनामा निघाला आणि ‘ओपन ॲक्सेस’ हा शब्द जगभर रुळला. त्यात दोन वाटा सांगितल्या होत्या. लेखकाने आपल्या लेखाची प्रत संस्थेच्या खुल्या डिजिटल भांडारात ठेवायची, ही पहिली वाट. तिला ग्रीन म्हणतात. जर्नलच सर्वांना खुले करायचे, ही दुसरी. तिला गोल्ड म्हणतात.

गोल्डमध्ये पुढे एक गोम निघाली. वाचकाकडून पैसे घ्यायचे नाहीत तर लेखकाकडून घेऊ, असे कंपन्यांनी ठरवले. ‘नेचर’ या प्रख्यात जर्नलने २०२० च्या अखेरीस एक लेख खुला करण्यासाठी ९,५०० युरो शुल्क जाहीर केले. तेव्हाच्या दराने साडेआठ लाख रुपयांच्या आसपास. म्हणजे पूर्वी गरीब विद्यापीठातल्या माणसाला वाचता येत नव्हते, आता त्याला छापता येणार नाही. यावर तोडगा म्हणून तिसरी वाट आहे. लेखकाकडूनही नाही, वाचकाकडूनही नाही, खर्च संस्थेने किंवा शासनाने उचलायचा. तिला डायमंड असे नाव पडले आहे. ब्राझीलमध्ये १९९८ पासून ‘सायलो’ नावाची व्यवस्था याच धर्तीवर सार्वजनिक पैशातून चालते, आणि भारतातही ही पद्धत त्या नावाच्या आधीपासून होती.

आपल्याकडची सुरुवात

बंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसने १९९८ मध्ये ‘प्रमाण’ हे भौतिकशास्त्राचे जर्नल इंटरनेटवर सर्वांना खुले केले. म्हणजे बुडापेस्टच्या चार वर्षे आधी. पुढे अकादमीची इतर जर्नलेही खुली झाली. ना लेखकाला शुल्क, ना वाचकाला.

दुसरे उदाहरण आपल्या मुंबईतले. परळच्या केईएम रुग्णालयातून आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ निघते. ते खुले करण्याच्या कामातून डॉ. डी. के. साहू यांची ‘मेडनो’ ही प्रकाशन संस्था उभी राहिली. वैद्यकीय संघटनांची छोटी-छोटी जर्नले, ज्यांचे पाचशे-हजार अंक छापून सभासदांच्या घरी पडून राहायचे, ती मेडनोने वेबवर आणली. लेखकाकडून पैसे न घेता, छापील अंकाच्या वर्गणीवर खर्च भागवून. खुले केल्यावर वर्गणी बुडेल ही भीती होती. उलट परदेशातून लेख यायला लागले, जर्नलांचे नाव झाले. दीडशेहून अधिक जर्नले मेडनोकडे आली. आणि २०११ मध्ये ही संस्था वोल्टर्स क्लुवर या बहुराष्ट्रीय कंपनीने विकत घेतली. त्यातली काही जर्नले आता लेखकांकडून शुल्क घेतात. मुंबईत उभे राहिलेले, जगाने वाखाणलेले काम अशा रीतीने हातातून गेले, आणि त्याविषयी मराठीत फारसे कुणी बोललेही नाही. आम्हाला हे खटकते. साखर कारखाना खासगी झाला की गावभर चर्चा होते. ज्ञानाचा कारखाना गेला तर बातमीही होत नाही.

बंगळुरूच्याच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये टी. बी. राजशेखर यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये देशातले पहिले संस्थात्मक भांडार सुरू झाले. २००६ मध्ये राउरकेलाच्या एनआयटीने आपल्या प्राध्यापकांना लेखाची प्रत भांडारात ठेवणे सक्तीचे केले, अशी सक्ती करणारी ती देशातली पहिली संस्था. त्याच वर्षी बंगळुरूला विकसनशील देशांसाठी ओपन ॲक्सेसचे नमुना धोरण तयार करणारी कार्यशाळा झाली. या सगळ्या काळात चेन्नईचे सुब्बय्या अरुणाचलम हे माहितीशास्त्रज्ञ संस्थांना पत्रे लिहीत, मंत्रालयांचे दरवाजे ठोठावत राहिले. ही चळवळ उभी राहिली ती अशा ग्रंथपालांच्या आणि माहिती क्षेत्रातल्या माणसांच्या चिकाटीवर. मोठ्या शास्त्रज्ञांपैकी बहुतेकांना तिची गरज वाटत नव्हती, कारण त्यांच्या संस्थेला वर्गणी परवडत होती.

नियम झाले, पण

सरकारी पातळीवर गाडी हळू सरकली. सीएसआयआरने आपली जर्नले खुली केली, ती आजही ‘एनओपीआर’ या भांडारात मोफत वाचता येतात. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने सप्टेंबर २०१३ मध्ये ओपन ॲक्सेस धोरण जाहीर केले. डिसेंबर २०१४ मध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने आणि जैवतंत्रज्ञान विभागाने मिळून धोरण आणले. त्याचा गाभा असा : आमच्या पैशातून संशोधन झाले असेल तर स्वीकारलेल्या लेखाची अंतिम प्रत खुल्या भांडारात ठेवा, कंपनी थांबायला सांगत असेल तर फार तर वर्षभर थांबा, आणि लेखकाने भरायच्या शुल्कासाठी आम्ही वेगळे पैसे देणार नाही. कागदावर हे धोरण चांगले आहे. जनतेने पैसे दिले, जनतेला वाचता आले पाहिजे, इतका सरळ हिशोब त्यात आहे.

पण प्रत न ठेवणाऱ्याचे पुढचे अनुदान अडले, असे चित्र कधी दिसले नाही. विचारणारे कुणी नसेल तर नियम फायलीत राहतो, हे आपल्याला आरक्षणाच्या अनुशेषापासून अनुसूचित जाती उपयोजनेच्या निधीपर्यंत चांगलेच ठाऊक आहे. शिवाय ही धोरणे शेती आणि विज्ञानासाठी आहेत. जात, मजुरी, शिक्षण, स्थलांतर, अत्याचार यांवरचे संशोधन समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास या विषयांत होते, आणि त्यातले बहुतेक या दोन विभागांच्या पैशातून होत नाही. त्यामुळे ज्या संशोधनाची आपल्याला सर्वाधिक गरज आहे ते या नियमांच्या बाहेरच राहिले.

२०१९ मध्ये युरोपातल्या निधी देणाऱ्या संस्थांच्या ‘प्लॅन एस’ या मोहिमेत भारत सामील होईल असे केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांनी सुरुवातीला सांगितले, पण त्याच वर्षी तो विचार मागे पडला.

शोधगंगा : खरी कामाला आलेली गोष्ट

या सगळ्यात सामान्य माणसाच्या सर्वाधिक उपयोगी पडलेली गोष्ट कोणती, तर शोधगंगा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या पीएचडी नियमावलीत प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत जमा करण्याची अट घातली. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने त्यासाठी शोधगंगा हे भांडार चालवले. आज तिथे देशभरातल्या विद्यापीठांचे लाखो प्रबंध आहेत, आणि ते वाचायला ना ओळखपत्र लागते, ना पासवर्ड.

याआधी प्रबंधाचे काय होत असे ते ज्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयात चकरा मारल्या त्यांना माहीत आहे. सोनेरी अक्षरांची जाड बांधणी, कुलूपबंद कपाट, मार्गदर्शकाचे पत्र आणले तरच दर्शन, झेरॉक्स काढायला मनाई. आपल्या समाजातली पहिल्या पिढीतली मुले-मुली फेलोशिपच्या आधाराने चार-पाच वर्षे राबून प्रबंध लिहीत होती, तोंडी परीक्षा झाली की पेढे वाटले जात होते, आणि प्रबंध त्या कपाटात कायमचा जात होता. दलित साहित्य, आंबेडकरी जलसे, धर्मांतरानंतरचे गावगाडे, लेणी आणि शिलालेख, सफाई कामगारांच्या वसाहती यांवर मराठी आणि इंग्रजीत कितीतरी काम झाले आहे. पुस्तकरूपाने त्यातले फार थोडे आले. शोधगंगेमुळे ते निदान सापडू लागले.

उणिवा आहेत. प्रबंध प्रकरणागणिक वेगवेगळ्या फाइलींमध्ये ठेवलेला असतो, सगळा वाचायचा तर दहा-बारा फाइली उतरवाव्या लागतात. जुने मराठी प्रबंध नुसते स्कॅन केलेले असल्याने मजकुरात शब्द शोधता येत नाही. काही विद्यापीठे वेळेवर प्रती चढवतात, काही रेंगाळतात. तरीही वाङ्मयचोरी पकडणे सोपे झाले, आणि तोच विषय तिसऱ्यांदा घेणाऱ्याला आधीच्या दोघांचे काम डावलणे अवघड झाले.

इथे एक गोष्ट थांबून सांगावीशी वाटते, कारण खुलेपणाचे कौतुक करताना ती सुटते. वस्तीत किंवा गावात मुलाखती घेऊन लिहिलेला प्रबंध जेव्हा कपाटात होता, तेव्हा त्यातली नावे चार लोकांनी वाचली. आता गावाचे नाव टाकून शोधले की कुठलाही माणूस त्या पानापर्यंत पोहोचतो. बहिष्काराची तक्रार करणारी बाई, आंतरजातीय लग्न केलेले जोडपे, मालकाविरुद्ध बोललेला सालगडी, यांची नावे, वय, गल्ली प्रबंधात जशीच्या तशी असतील तर ज्यांच्यापासून त्यांना धोका आहे तेही ते वाचू शकतात. निष्कर्ष खुले असावेत, माणसे उघडी पडू नयेत. आमच्या संपर्कातल्या विद्यार्थ्यांना आम्ही हेच सांगतो की नावे बदला, छोट्या गावाचे नाव टाळून तालुका लिहा, आणि मुलाखत घेतानाच समोरच्याला सांगा की हे उद्या इंटरनेटवर सर्वांना दिसणार आहे. त्यावर त्याने नकार दिला तर तो मान्य करा.

खुलेपणाच्या नावावर दुकानदारी

२०१० नंतर प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या गुणांकांवर होऊ लागल्या, आणि त्यात प्रसिद्ध लेखांना गुण होते. पीएचडी जमा करण्याआधी लेख छापलेला असणेही बंधनकारक झाले. मागणी आली तशी दुकाने निघाली. ‘आंतरराष्ट्रीय’, ‘बहुविद्याशाखीय’, ‘ओपन ॲक्सेस’ अशी भारदस्त बिरुदे, आयएसएसएन क्रमांक, आणि काही हजार रुपये भरले की आठवड्यात लेख प्रसिद्ध. लेख कुणी तपासलेलाच नसतो. फेलोशिप सहा-सहा महिने थकलेली असताना उसने पैसे काढून अशा ठिकाणी लेख छापणारी मुले आम्ही पाहिली आहेत. मुलाखतीत पुन्हा त्यांनाच ऐकवले जाते की हे जर्नल बोगस आहे.

आयोगाने मान्यताप्राप्त जर्नलांची यादी केली, तिच्यातही अशी जर्नले घुसली, आणि मे २०१८ मध्ये ४,३०५ नावे एका फटक्यात काढावी लागली. मग सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या केंद्राच्या मदतीने ‘यूजीसी-केअर’ ही काटेकोर यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली आणि जर्नल पारखण्याची जबाबदारी विद्यापीठांवर सोपवली. मधल्या काळात, २०२२ च्या नियमावलीने पीएचडीआधी लेख छापण्याची सक्ती उठवली, हे मात्र चांगले झाले.

या प्रकाराचा मोठा तोटा असा की ‘ओपन ॲक्सेस म्हणजे पैसे देऊन छापलेले’ असा समज महाविद्यालयांत पसरला. खुले असणे आणि तपासलेले नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केईएमचे जर्नल खुले आहे आणि कसून तपासलेलेही आहे.

झेरॉक्सच्या दुकानातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत

दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचे दुकान आहे. प्राध्यापकांनी अभ्यासक्रमासाठी नेमलेली वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणे एकत्र झेरॉक्स करून हे दुकान विद्यार्थ्यांना विकत असे. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. विद्यार्थी आणि शिक्षक संघटना करून न्यायालयात उभे राहिले. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. कॉपीराइट हा काही दैवी किंवा नैसर्गिक हक्क नव्हे, ज्ञानाची वाढ व्हावी म्हणून कायद्याने दिलेली ती सवलत आहे, या आशयाची भूमिका निकालात आहे. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठाने, शिकवण्यासाठी घेतलेल्या प्रतींना कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ खाली मोकळीक आहे हे तत्त्व कायम ठेवले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. ज्यांचे शिक्षण झेरॉक्सवर झाले अशा आपल्या पिढीसाठी हा निकाल मोलाचा आहे. याच कलमात स्वतःच्या अभ्यासासाठी आणि संशोधनासाठी रास्त वापर करण्याची मुभाही आहे.

दुसरा खटला ‘साय-हब’ या संकेतस्थळाचा. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान यांनी २०११ मध्ये ते सुरू केले. कंपन्यांच्या कुलपातले लेख तिथे फुकट मिळत. डिसेंबर २०२० मध्ये एल्सव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ते संकेतस्थळ भारतात बंद करण्याचा आदेश दिला. साय-हब कायद्यात बसत नव्हते हे खरे. पण नामांकित संस्थांतले संशोधकसुद्धा ते का वापरत होते, या प्रश्नाचे उत्तर बंदीने मिळत नाही.

कॉपीराइटचा विषय निघालाच आहे म्हणून बाबासाहेबांच्या लेखनाविषयी. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे कॉपीराइट राहतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ चे, त्यामुळे १ जानेवारी २०१७ पासून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन सर्वांसाठी मुक्त झाले. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली काढलेल्या खंडांच्या पीडीएफ प्रतीही इंटरनेटवर मोफत मिळतात. छापील खंडांची अवस्था मात्र अशी की त्यांच्या रखडलेल्या छपाईची डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला वृत्तपत्रातल्या बातमीवरून स्वतःहून दखल घ्यावी लागली. कागद अडला तरी पीडीएफ अडली नाही. ‘कास्ट्स इन इंडिया’ हा बाबासाहेबांचा निबंध १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचला गेला आणि १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’ या जर्नलमध्ये छापून आला. तो आज कुणालाही घरबसल्या वाचता येतो. त्याच निबंधावर गेल्या दहा वर्षांत लिहिलेले कितीतरी लेख मात्र कुलपात आहेत.

सहा हजार कोटींची वर्गणी

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. ३० मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नले, ६,३०० च्या आसपास सरकारी संस्था, आणि अंदाजे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, प्राध्यापक व संशोधक. १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली असून समन्वय इन्फ्लिबनेटकडे आहे.

फायदा खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या सरकारी महाविद्यालयातल्या मुलीला आयआयटीतल्या मुलाइतकीच जर्नले वाचता येणार असतील तर ती मोठी गोष्ट आहे. पूर्वी प्रत्येक संस्था आपापली वर्गणी भरत असे, ज्याची ऐपत मोठी त्याचे ग्रंथालय मोठे. ती दरी या योजनेने कमी केली.

पण याला ओपन ॲक्सेस म्हणता येणार नाही. पहिला टप्पा केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांच्यापुरता आहे. विनाअनुदानित महाविद्यालये त्यात नाहीत, आणि महाराष्ट्रात आपली कितीतरी मुले तिथेच शिकतात. पदवी संपली की विद्यार्थ्याचा प्रवेशही संपतो. जिल्हा न्यायालयातला वकील, आशा कार्यकर्ती, जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक, वस्तीत काम करणारी संस्था, नेट-सेट होऊन घरी बसलेला तरुण, यांच्यासाठी कुलूप होते तिथेच आहे. ज्यांनी मुलाखती दिल्या त्यांचा तर प्रश्नच नाही. वर्षाला २,००० कोटी हे भाडे आहे, आणि भाड्याच्या घराची मुदत ३१ डिसेंबर २०२७ ला संपते. तेव्हा कंपनी भाव वाढवून मागेल आणि कोट्यवधी वाचकांना सवय लागलेली असल्याने नाही म्हणणे सरकारला जड जाईल. त्या पैशातला छोटा हिस्सा जरी भारतीय भाषांतली तपासलेली जर्नले, विद्यापीठांची भांडारे आणि शोधगंगेवरचे मराठी मजकूर शोधण्याजोगे करणे यावर लागला असता, तर जे तयार झाले असते ते आपल्या मालकीचे राहिले असते.

तोवर काय करता येईल

महाविद्यालयात शिकत असाल तर ग्रंथपालांना विचारा की आपली संस्था या योजनेच्या यादीत आहे का, आणि घरून लॉगिन कसे मिळते. पुष्कळ ठिकाणी सोय आहे पण विद्यार्थ्यांना सांगितलेलेच नाही. संस्थेबाहेरच्यांनी गूगल स्कॉलरवर लेखाचे नाव टाकून ‘ऑल व्हर्शन्स’ वर टिचकी मारावी. लेखकाने स्वतःच्या विद्यापीठाच्या भांडारात ठेवलेली प्रत तिथे अनेकदा सापडते. ब्राउझरमध्ये ‘अनपेवॉल’ बसवले तर कायदेशीर मोफत प्रत असल्यास ते लगेच दाखवते. आरोग्यावरच्या लेखांसाठी ‘पबमेड सेंट्रल’, खुल्या जर्नलांच्या खात्रीच्या यादीसाठी ‘डीओएजे’, प्रबंधांसाठी शोधगंगा. बौद्ध विषयांचा अभ्यास करणाऱ्यांसाठी ‘जर्नल ऑफ बुद्धिस्ट एथिक्स’ १९९४ पासून खुले आहे, आणि आंतरराष्ट्रीय बौद्ध अध्ययन संघटनेच्या जर्नलचे जुने अंक जर्मनीच्या हायडेलबर्ग विद्यापीठाने मोफत ठेवले आहेत.

आपल्यातले जे संशोधक आहेत त्यांच्याकडे आमची मागणी आहे. सही करण्याआधी करार वाचा. बहुतेक कंपन्या लेखाची स्वीकारलेली प्रत, म्हणजे कंपनीने मांडणी करण्याआधीची, ठरावीक मुदतीनंतर भांडारात ठेवू देतात. ती ठेवा. आणि दोन पानांचा मराठी सारांश करून ज्या वस्तीत काम केले तिथल्या विहारात, अभ्यासिकेत, ग्रामपंचायतीत नेऊन द्या. शक्य असेल तर एका संध्याकाळी बसून वाचून दाखवा. आकड्यांतल्या चुका तिथली माणसे पंधरा मिनिटांत सांगतात.

एवढे करूनही लेख मिळाला नाही तर थेट लेखकालाच पत्र लिहावे. लेखाच्या पहिल्या पानावर किंवा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ईमेल असतो. आपण कोण, कुठल्या कामासाठी लेख हवा आहे, एवढे चार ओळींत पुरे. महाराष्ट्रातल्या प्राध्यापकांना मराठीत लिहिले तरी चालते. आमच्या अनुभवात बहुतेक जण आठवडाभरात पीडीएफ पाठवतात, आणि काही जण उलट विचारतात की तुमच्या भागात सध्या काय परिस्थिती आहे.